कमरेच्या वर

'लॅनयार्ड'ला मराठीत काय म्हणायचं, या एका प्रश्नावर मी चार दिवस घालवले होते. तुम्हा दोघांना हा शब्द इंग्रजीत माहीत असेल, पण वस्तू कदाचित पाहिली नसेल, म्हणून आधी वस्तू सांगते. उंचावर काम करणारा माणूस अंगात पट्ट्यांचा एक साज घालतो. तो खांद्यांवरून, छातीवरून आणि मांड्यांभोवती जातो. पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, त्याला एक लोखंडी कडी असते. त्या कडीत पाच-सहा फुटांची एक मजबूत दोरी अडकवलेली असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मोठा हूक असतो. तो हूक डोक्यावरच्या तुळईला किंवा ताणून बांधलेल्या तारेला अडकवायचा. पाय घसरला तर माणूस जमिनीवर न आपटता लोंबकळतो. एवढंच तिचं काम.

ही हकीकत मी तुमच्या आईला फोनवर कधी सांगितली नाही. रविवारच्या फोनमध्ये माझी तब्येत, तिकडची हवा आणि तुमचे दुधाचे दात एवढंच मावायचं. आता तुम्ही मोठे झाला आहात, आणि मराठी वाचता येतं असं सांगता, तेव्हा लिहूनच ठेवते.

मी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले. वडील रेल्वेत होते. इंग्रजी वाचता येणाऱ्यालाच बढती मिळते, हे त्यांनी रोज पाहिलं होतं; म्हणून त्यांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. आपल्या बौद्ध समाजातून त्या शाळेत जाणारी मी पहिली मुलगी. पुढे लग्न होऊन शिरूरला आले आणि तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. वाक्यात कर्ता कुठे, कर्म कुठे, हे मुलांकडून घोटून घेण्यात माझं आयुष्य गेलं. ही बढाई नाही. पुढे जे झालं ते समजायला हे लागेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी तुमचे आजोबा गेले. तुमची आई त्याआधीच तिकडे परदेशी गेली होती. मीही शाळेतून निवृत्त झाले होते. वेळापत्रकाची सवय सुटत नव्हती, म्हणून घरातही मी एक कागद आखून भिंतीला लावला: सकाळी फिरणं, मग स्वयंपाक, वाचन, दुपारी पत्रं. पाच ते सहा हा रकाना तेवढा भरता येत नव्हता. त्या वेळी आम्ही दोघं नदीपर्यंत चालत जात असू. नंतर एकदा मी एकटीच गेले. वाटेत तिघांनी विचारलं, "एकट्याच?" त्यांना काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण मी पुन्हा त्या वेळी नदीकडे गेले नाही. दार लावून आत बसत असे आणि सहा वाजले की दिवा लावत असे.

तेव्हा शिरूरजवळ, नगर रस्त्याला, मोठे कारखाने उभे राहत होते. परदेशी कंपन्यांच्या शेड बांधायला गावोगावचे फिटर, वेल्डर येत होते. माझ्या घराची मागची खोली रिकामीच होती. ती मी एका फिटरला दिली. ते कासुर्डीचे, चाळिशीचे, आपल्याच समाजातले. बायकोमुलं गावी, आठवड्याच्या सुट्टीला गुरुवारी घरी जायचे. पहिल्याच दिवशी दारात उभं राहून म्हणाले, "जय भीम, बाई. मला गाणी लावायची सवय न्हाई, दारूची न्हाई. फकस्त सकाळी लवकर पाणी सांडंल."

ते साडेपाचला कामावरून येत. पहिल्या आठवड्यात मी त्यांना एकदा चहा दिला, आणि मग ती रीतच पडली. ओट्यावर ते पायरीवर बसत, मी खुर्चीवर. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणत, "दिसभर कैचीवर बसून ही पायरी लई खाली वाटती, खुर्ची कशाला." शेडचं छत ज्यावर टेकतं त्या लोखंडी त्रिकोणाला ते लोक कैची म्हणतात. तीस-पस्तीस फुटांवर कैचीवर बसून नटबोल्ट आवळायचे, हे त्यांचं काम. बोलायला त्यांना आवडे. आज कुणाचा पाना वरून पडला, कुणी जेवणाच्या डब्यात मुंग्या आणल्या, कुणाला सासऱ्याचं पत्र आलं. कधी काही नसलं तर मी त्यांना तुमच्याकडून आलेली पत्रं दाखवी. तुमच्या आईने पाठवलेला तुमचा बर्फातला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला होता आणि विचारलं होतं, "ह्यातली आपली लेकरं कोणती?" तुम्ही दोघंच होता त्यात. बाकी बर्फाचा केलेला माणूस होता.

भिंतीवरच्या कागदावर मी पाच ते सहाच्या रकान्यात 'चहा' असं लिहिलं.

एक दिवस ते त्यांच्या कंपनीच्या सेफ्टी ऑफिसरना घेऊन आले. हे ऑफिसर केरळचे, पूर्वी फौजेत असलेले, उंच, पीळदार मिशांचे गृहस्थ होते. मराठी येत नव्हती, हिंदी फौजेतली. परदेशी मालकांनी सगळ्यांना हे नवे साज दिले होते, सोबत इंग्रजी सूचनांचा कागद होता, आणि मजुरांसाठी मराठी फलक लावायचा असा आदेश आला होता. फिटरांनी सांगितलं होतं, "आमच्या बाईंकडं चला. त्यांचं इंग्रजी सायबापरीस चांगलं हाय."

"मॅडम, दस लाइन में चाहिए," ऑफिसर म्हणाले. "बोर्ड छोटा है."

त्या दहा ओळी मी किती मन लावून लिहिल्या ते आठवलं की आजही अंगावर येतं. कच्चा मसुदा, पक्का मसुदा, कार्बन लावून एक प्रत फाइलला. लॅनयार्डला 'दोरी' म्हणावं तर फार साधं वाटे, 'पट्टा' म्हणावं तर सगळ्या साजालाच पट्टा म्हणत. फिटरांना विचारलं.

"दावं म्हना की," ते हसत म्हणाले. "खुट्याला बांधत्यात ते. आन् आम्ही काय येगळं हाय का?"

"असं नका म्हणू," मी म्हटलं, आणि 'सुरक्षा-दोरी' असा शब्द केला. मूळ कागदात एक वाक्य असं होतं की लॅनयार्डचा हूक नेहमी कमरेपेक्षा उंच ठिकाणी अडकवावा. कारण उघड आहे. हूक पायाशी अडकवला तर माणूस आधी हुकापर्यंत खाली येतो, मग दोरीच्या लांबीइतका आणखी खाली जातो, आणि तोवर जमीन येते. इंग्रजीत त्यासाठी जे क्रियापद वापरलं होतं त्यात 'बाहेरच्या पक्क्या वस्तूला' हा अर्थ आतच होता. मला वाटलं मराठीतही तो येईल. मी लिहिलं:

'सुरक्षा-दोरी नेहमी कमरेच्या वर बांधावी.'

छोटं, स्वच्छ वाक्य. ऑफिसरनी देवनागरी अक्षरं लावत लावत वाचलं, 'कमर के ऊपर' असा अर्थ लावला, इंग्रजी कागदाशी ताडून पाहिला आणि खूश झाले. पेंटरने पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत फलक रंगवला. फिटरांनी मला सांगितलं की अक्षर मोत्यासारखं आलंय. मी तो पाहायला गेले नाही. जायला हवं होतं.

महिना-दीड महिना गेला. एका संध्याकाळी ते साज अंगात तसाच ठेवून घरी आले. टेम्पो सुटत होता म्हणून काढायला वेळ झाला नाही म्हणे. मी चहा घेऊन बाहेर आले आणि पाहिलं. पाठीच्या कडीतून निघालेली दोरी त्यांनी पुढे घेऊन पोटाभोवती दोन वेढे दिले होते, कमरेच्या चार बोटं वर, आणि हूक स्वतःच्याच पट्ट्यात अडकवला होता. एखाद्या तालमीतल्या पैलवानाने शेला आवळावा तसं.

"असं का बांधलंय?" मी विचारलं.

"बोर्डावर लिवल्यापरमानं. कमरेच्या वर."

"वरसुद्धा असंच?"

"वर बी असंच. समदीच बांधत्यात."

"मग पाय सटकला तर?"

"सटकू द्यायचा न्हाई," ते म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. दोरीचं एक टोक माणसाला आणि दुसरं टोकही त्याच माणसाला. माझ्या वाक्याने त्याला त्याच्या स्वतःलाच बांधलं होतं.

"ऑफिसर काही म्हणत नाहीत?"

"वरडतो की. 'बोर्ड पढ़ो, बोर्ड पढ़ो.' आम्ही म्हनतो, 'पढ़ा साब, वैसाच किया.' मी तर सांगून टाकलं त्याला, आमच्या बाईंनी लिवलंय, ते चुकायचं न्हाई. तवापासनं माझ्या नादाला लागत न्हाई." मग म्हणाले, "तुमच्या त्या ओळीनं लई उपकार केलं बघा, बाई. आधी ती दोरी मागं लोंबायची."

"लोंबली तर काय होतं?"

"हसत्यात. शेपूट म्हनत्यात. मारुतीची फौज निघाली म्हनत्यात. ते काय न्हाई, समद्यांनाच म्हनत्यात." ते चहाकडे बघत होते. "पर मुकादम माझ्याकडं बघून म्हनला, तुला काय नवं हाय? मागं लोंबायची सवय तुमच्यात पहिल्यापासनंच हाय."

हे तुम्हाला तिकडच्या शाळेत कोणी सांगितलं नसेल. आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत की पेशवाईत आपल्या माणसांना रस्त्याने जाताना कमरेला मागे झाडाची फांदी बांधावी लागे, म्हणजे आपल्या पावलांचे ठसे आपल्यामागे पुसले जावेत. मुकादमाला हे माहीत होतं आणि फिटरांनाही, म्हणून दोघांपैकी कुणालाच पुढे बोलायची गरज पडली नव्हती. मलाही ते लगेच कळलं. पण त्या क्षणी मला वाक्याचीच पडली होती. मनात एवढंच घुमत होतं की वाक्य चुकलं, त्यात कर्म आहे पण अधिकरण नाही, कशाला बांधायचं तेच नाही, आणि चाळीस माणसं ते वाचून रोज वर चढताहेत.

त्याच वेळी, त्याच पायरीवर, मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला लाज वाटली, हे एक. दुसरं असं की शाळेत माझा नियम होता: फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं तर सगळ्या वर्गासमोर पुसायचं आणि सगळ्या वर्गासमोर बरोबर लिहायचं. एका मुलाच्या कानात सांगून भागत नाही. मी ठरवलं की आधी नीट लिहून काढायचं, मग सगळ्यांना एकदमच सांगायचं. त्यांना मी एवढंच म्हटलं, "उद्या मी तुमच्या साइटवर येणार आहे."

"या की," ते म्हणाले. "बोर्ड बघा, अक्षर बघा."

सकाळी ते नेहमीप्रमाणे पाणी सांडून गेले. मी नवं वाक्य लिहिलं: 'सुरक्षा-दोरीचा हूक आपल्या डोक्यावरच्या तुळईला किंवा तारेला अडकवावा. स्वतःच्या अंगाला अडकवू नये.' तीन प्रती केल्या. सहा आसनी रिक्षातून फाट्यावर उतरले आणि तिथून चालत गेले. गेटवर नाव-गाव लिहून घेईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. तिथूनच मला शेडचं उघडं छत दिसत होतं आणि त्यावर माणसं. ऊन तापायला लागलं होतं. एका कैचीवरून दुसऱ्या कैचीवर पाय टाकणारे आमचे फिटर मी चालीवरून ओळखले. पोटाभोवती दोरी आवळलेली. मागे काही लोंबत नव्हतं. ते दोन्ही हात सोडून सरळ उभे राहिले आणि पान्यासाठी खाली वाकले.

मला हाक मारायची होती. पण उंचावरच्या माणसाला अचानक हाक मारू नये एवढं समजत होतं. म्हणून उभी राहिले. वॉचमनने माझ्या नावाची वेलांटी चुकवली आणि पुन्हा लिहायला घेतलं. मी आयुष्यात एवढा वेळ कुणाकडे टक लावून पाहिलं नसेल.

ऑफिसरना मी इंग्रजीतून सांगितलं. तिसऱ्या वाक्याला ते उठले, बाहेर गेले आणि त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना खाली बोलावलं. चाळीसएक माणसं शेडच्या सावलीत गोळा झाली. ते मला म्हणाले, "मॅडम, आप ही बोलिए. मेरा हिंदी ये लोग सुनता नहीं."

मी बोलले. वर्गात बोलत असे तसं, सावकाश आणि स्पष्ट. फलकावरची चौथी ओळ चुकली आहे, ती मी लिहिली आहे, चूक माझी आहे, असं म्हणून नवं वाक्य दोनदा वाचलं. मग ऑफिसरनी एकाला पुढे बोलावून कशी दोरी अडकवायची ते दाखवलं. मला वाटलं, झालं.

मुकादम मागे उभा होता. पान चघळत म्हणाला, "म्हंजी बाई, इतकं दिस चुकीचंच व्हतं म्हना की."

"हो," मी म्हटलं. "चुकीचंच होतं."

"आन् ह्यो तर रोज सांगायचा, आमच्या बाईचं लिवनं हाय, सायबाला काय कळतंय." तो फिटरांकडे वळला. "तुझ्या बाईनंच तुला खाली आनला रं."

माणसं हसली. फार नाही, उन्हातून सावलीत आलेली माणसं हसतात तेवढीच. फिटर पोटाभोवतीचे वेढे सोडत होते. दोरी सुटली आणि पाठीमागे लोंबायला लागली, गुडघ्यांच्याही खाली. कुणीतरी म्हणालं, "आली शेपूट." त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. जेवणाची सुट्टी झाली आणि मी परत आले.

त्या संध्याकाळी ते साडेपाचला आले, हातपाय धुतले आणि खोलीत गेले. मी चहा टाकला होता. बाहेर येऊन विचारलं, "येताय ना?"

"आज डोकं दुखतंय, बाई."

दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी मी विचारलं नाही. दोन कप चहा होत असे, तो मी दोनदा गरम करून पीत असे.

आठ-दहा दिवसांनी त्यांनी सांगितलं की याच ठेकेदाराचं दौंडला रेल्वेच्या नव्या शेडचं काम निघालं आहे, तिकडे जातो; कासुर्डीहून जाऊन-येऊन करता येईल. पेटी बांधून झाली होती. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून मी विचारलं, "दोरी आता नीट बांधता ना?"

ते पायरीवर बसले, खूप दिवसांनी.

"बांधतो. वर अडकवतो. काळजी करू नका." मग म्हणाले, "बाई, एक सांगू का? राग मानू नका. मी एवढी वर्षं फिटर हाय. दोरीचं एक टोक माझ्या पाठीला आन् दुसरं माझ्याच पोटाला, हे काय उपेगाचं न्हाई, हे मला कळत नव्हतं व्हय?"

मी खुर्ची जवळ ओढून बसले.

"कळत व्हतं. पर मागं लोंबण्यापरीस ते बरं वाटायचं. तुमच्या ओळीनं मला सोय झाली. कुनी काय म्हनलं की बोर्ड दाखवायचा. चूक ओळीची न्हवती."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"आदल्या दिशी मला एकट्याला सांगायचं, इथं पायरीवर. मी सोताच उठून समद्यांना सांगितलं असतं, बाईंनी अशी सुधारणा केलीय म्हनून. तुम्ही माझ्या तोंडावरून फळा पुसला." ते उठले. "पर तुमचं बरोबर हाय. जीव म्हत्त्वाचा. आता मागं लोंबती तर लोंबू दे."

हे शेवटचं वाक्य मला मारून गेलं. मी त्यांचा जीव वाचवायला गेले होते आणि त्यासाठी मुकादमाच्या हातात तीच जुनी फांदी देऊन आले होते. पेटी खांद्यावर घेऊन ते गल्लीच्या कोपऱ्यावर वळले तेव्हा पाच वाजून गेले होते. भिंतीवरच्या कागदावरचा 'चहा' मी खोडला नाही, पण त्या दिवसापासून तो कागद वाचणं सोडलं. खोलीला भाडेकरू विचारायला दोघंतिघं आले. त्यांना मी अजून साफसफाई व्हायची आहे असं सांगितलं. साफसफाई झालेली होती.

पुढचे काही दिवस मी त्या इंग्रजी कागदाच्या फाइलकडे फिरकले नाही. मग एकदा असं वाटलं की प्रश्नच चुकीचा धरला होता. दोरी कुठे अडकवायची हे सांगून झालं होतं, पण ती अडकवलेली नसते तेव्हा काय? शिडी चढताना, खाली चालताना, जेवायला बसताना? लोंबते ती तेव्हाच. मी पुन्हा फाट्यावर गेले आणि ऑफिसरना विचारलं. ते उठून एक साज घेऊन आले. छातीवरच्या पट्टीला एक छोटा लूप होता. त्यांनी दोरी पाठीवरून खांद्यावर घेतली, पुढे आणली आणि हूक त्या लूपात अडकवला. मागे काही राहिलं नाही.

"इसके लिए ही दिया है, मॅडम."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

ते जरा गोंधळले. "किसी ने पूछा नहीं."

शिरूरच्या माणसांना त्यांनी दुसऱ्या दिवसापासून ते शिकवलं. पण ज्यांना सांगायचं होतं ते दौंडला होते. त्यांच्याकडे फोन नव्हता. चिठ्ठी पाठवावी असं आधी मनात आलं आणि मग मी स्वतःलाच म्हटलं, पुन्हा लिहून नाही. जाऊन, एकट्याला सांगायचं.

न्हावऱ्यावरून दौंडला जाणारी एसटी धरली. दौंडला मी बऱ्याच वर्षांनी जात होते. आईवडील गेल्यावर तिथे कुणी राहिलं नव्हतं. कॉलनीवरून चालत गेले. आमच्या क्वार्टरच्या दारात कुणाचे तरी कपडे वाळत होते. आतून रेडिओ ऐकू येत होता. त्या गावात मला ओळखणारं एकही माणूस उरलं नव्हतं, आणि ज्यांच्यासाठी आले होते ते माझे कुणी लागत नव्हते. हेच पुढे दोनच मिनिटांत नव्या शेडच्या गेटवर वॉचमनने स्पष्ट विचारलं.

"कोण लागता त्यांच्या?"

मी आयुष्यभर भाषा शिकवली, पण याला उत्तर येईना. 'त्यांची बाई' म्हणावं तर अर्थाचा अनर्थ. शिक्षिका म्हणावं तर मी त्यांना शिकवलं नव्हतं. घरमालकीण म्हणावं तर ते आता भाडेकरू नव्हते.

"शिरूरच्या बाई आल्यात म्हणून सांगा," मी म्हटलं.

वॉचमनने हात करून कुणाला तरी ओरडून सांगितलं. शेडच्या शिडीवरून एक माणूस उतरताना दिसला. मी पाठ पाहत होते, कारण शिडी उतरताना पाठच दिसते. पाठीवर काही लोंबत नव्हतं. पुन्हा पोटाला गुंडाळली, असं वाटलं. मग ते वळले. दोरी डाव्या खांद्यावरून पुढे आली होती, आणि हूक छातीवरच्या लूपात होता. उपरणं घ्यावं तशी.

"बाई, तुम्ही? इतक्या लांब? समदं ठीक हाय ना?"

"ठीक आहे. हे," मी त्यांच्या छातीकडे बोट केलं, "हे कुणी सांगितलं?"

"हे व्हय? हितं एक बिहारी वेल्डर हाय. त्यो असंच घेतो. म्हनलं, हे बरं हाय. आता समदीच घ्यायला लागली." त्यांनी हूक जरा हलवून दाखवला. "का?"

"काही नाही," मी म्हटलं. "बरं दिसतंय."

सांगायला आले होते ते त्यांच्यापाशी आधीच होतं. वाटेत एसटीत मी ते कसं सांगायचं याची पुष्कळ जुळवाजुळव केली होती. पहिल्यांदा काय, मग काय. त्यातलं काही लागलं नाही. ते मला टपरीवर घेऊन गेले. तिथे बाकडं होतं, म्हणून या वेळी दोघंही एकाच उंचीवर बसलो.

"त्या दिशी मी लई तोडून बोललो," ते म्हणाले.

"खरं तेच बोललात."

"खरं बी जरा पानी घालून बोलावं मानसानं." चहा संपत आला तसं त्यांनी विचारलं, "खोली दिली का कुनाला?"

"नाही अजून."

"द्या. एखादं कुटुंब ठेवा. पोराबाळांचं. आमच्यासारखं एकटं मानूस ठेवू नका, ते निघून जातं." ते हसले, आणि मीही हसले. मग त्यांनी तुमची चौकशी केली. त्या बर्फातल्या मुलांना आता दात आले का, असं विचारलं. एकाचे आले, मी सांगितलं, आणि दुसऱ्याचे पडायलाही लागले.

वरून कुणीतरी त्यांना हाक मारली. "येतो, बाई. जय भीम," म्हणून ते निघाले. मी गेटपाशी येऊन उभी राहिले. ते शिडी चढले, छतापाशी पोहोचले, तिथे थांबले. छातीवरचा हूक काढला, डोक्यावरच्या तारेला अडकवला आणि एकदा जोर लावून ओढून पाहिला. एवढ्या खाली त्याचा आवाज आला नाही. मग दोन्ही हात मोकळे करून ते कामाला लागले. खाली त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहू नये अशीच माझी इच्छा होती.

मी आणखी थोडा वेळ थांबले. ते पुढच्या कैचीवर गेले तेव्हा हूकही तारेवरून त्यांच्याबरोबर सरकत गेला. वॉचमन म्हणाला, "आजी, उन्हात नका उभं राहू." तेव्हा मी स्टँडकडे निघाले. शिरूरच्या गाडीला तास होता.